गणित सुटले म्हणून विज्ञानही सोडावे काय?

मे-जून आला की आमच्या नाशिक जिल्ह्यात दोन बाजार जोरात चालतात. एक लासलगावच्या कांद्याचा, आणि दुसरा मुलांच्या भवितव्याचा, क्लासवाल्यांच्या पाट्यांखाली. पहिल्या बाजारात आमचा शेतकरी निदान भाव तरी विचारतो, लिलाव पटला नाही तर कुरकुरतो, प्रसंगी माल परत घेऊन जातो. दुसऱ्या बाजारात मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. "मुलगा हुशार आहे, डॉक्टर करा, गणित सोडा, जीवशास्त्र घ्या," असे पाटीखालचा शहाणा सांगतो, आणि आमचा बांधव मान डोलावून नोटा मोजतो. 'गणित सोडा' या दोन शब्दांनी मुलाच्या वाटेवरची कोणती दारे लागली व कोणती उघडी राहिली, हे त्यास कोणी सांगत नाही आणि तोही विचारीत नाही. आज आम्ही त्या दारांविषयी लिहिणार आहोत.

हिशेब अगदी साधा आहे. २०२४ साली नीट परीक्षेस देशातून २३ लाखांहून अधिक मुले-मुली बसली. एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात मिळून लाखाच्या थोड्या वर. म्हणजे शंभरांत चार-पाचांस ती जागा मिळावयाची. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी धरून आणखी काही जण लागतील. उरलेल्यांचे काय? भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन बारावी झालेला, डोक्याने चांगला, विज्ञानाची खरी आवड असलेला मुलगा निकालाच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसतो. त्यास कोणी म्हणते, "पुन्हा एक वर्ष क्लास लाव." कोणी म्हणते, "आता कुठेतरी पदवी घेऊन टाक, गणित नाही ना तुझे." दिंडोरीत, कळवणात, सुरगाण्यात असे ओटे शोधावयास लांब जावे लागत नाही. आमचे म्हणणे असे की, हा मुलगा विज्ञानाच्या मोठ्या दारावर अजूनही थाप मारू शकतो. पण त्याने कोणते दार उघडे आहे ते आधी पाहिले पाहिजे, आणि उघड्या दारातून आत गेल्यावर गणिताशी गाठ पडणार आहे हेही समजून घेतले पाहिजे.

प्रथम उघडी दारे. पुण्यास २००६ साली भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था निघाली. लोक तिला 'आयसर' म्हणतात. तशा आता देशात ७ संस्था आहेत. त्यांत बारावीनंतर ५ वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम आहे. त्याच्या प्रवेशचाचणीस बसण्यासाठी बारावीस जीवशास्त्र, रसायन, भौतिक व गणित या ४ विषयांपैकी ३ असले म्हणजे पुरे. गणित नाही म्हणून अर्ज परत येत नाही. (आयसरच्याच काही संस्थांतले अर्थशास्त्राचे व अभियांत्रिकीचे निराळे अभ्यासक्रम आहेत, त्यांस मात्र गणित लागते, अर्ज भरताना ही ओळ नीट वाचावी.) चाचणीत ६० प्रश्न असतात, प्रत्येक विषयाचे १५. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात, चुकल्यास १ कापतात. गणित न शिकलेल्या मुलाने ते १५ प्रश्न कोरे ठेवले, तर २४० पैकी ६० गुण हातचे गेले, राहिले १८०. हे ऐकून छाती दडपण्याचे कारण नाही. ज्याने जीवशास्त्र सोडले त्याचेही १५ प्रश्न तसेच कोरे जातात. तराजू दोघांस एकच आहे. आणि त्या १५ प्रश्नांतले दोन-चार जरी अकरावीच्या पुस्तकावरून साधले, तरी तेवढ्याने पारडे हलते.

दुसरे दार भुवनेश्वरच्या 'नायसर'चे व मुंबईत कालिन्याला असलेल्या अणुऊर्जा खात्याच्या मूलभूत विज्ञान केंद्राचे. या दोहोंची 'नेस्ट' नावाची एकच परीक्षा असते. तीत चार विषयांचे चार विभाग असतात, आणि गुणवत्तायादीसाठी ज्या तीनांत अधिक गुण पडतील ते तीन धरतात. म्हणजे जीवशास्त्रवाल्याच्या गणिताकडे कोणी बोट दाखवीत नाही. ही परीक्षा आम्हांस अधिक न्याय्य वाटते. आमच्या किती वाचकांनी तिचे नाव ऐकले आहे? ज्या गावात नीटच्या पाट्या एस.टी.च्या थांब्यापासून महादेवाच्या देवळापर्यंत लागतात, तेथे नेस्टची एक पाटी दिसत नाही. कारण उघड आहे. जेथे गिऱ्हाईक थोडे, तेथे दुकान कोण मांडतो?

तिसरे दार आमच्या घरचे आहे, आणि म्हणूनच की काय त्याची आम्हांस किंमत नाही. ते शेतकीचे. आमचा जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. शेतकीच्या बी.एस्सी.ला गणितवाला व जीवशास्त्रवाला दोघांसही राज्याच्या सीईटीतून जाता येते, आणि सातबारा असणाऱ्या घरच्या मुलास गुणांत थोडा अधिभारही मिळतो. पण आम्हांस येथे वेगळी गोष्ट दाखवावयाची आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने शेतकीचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात बारावीस जीवशास्त्र न घेतलेल्यांसाठी प्राथमिक जीवशास्त्राचा पाठ ठेवला, आणि गणित न घेतलेल्यांसाठी प्राथमिक गणिताचा. दारात अडवावयाचे नाही, आत घ्यावयाचे व राहिलेले शिकवून घ्यावयाचे, असा त्याचा अर्थ. जी रीत शेतकीच्या कॉलेजास कळली, ती इतरांस का कळू नये?

आता बंद दारे सांगतो, कारण गोड तेवढेच सांगणारे पत्र वाचकांचा घात करते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या विज्ञानाच्या पदवीस बारावीस गणित लागतेच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गणिताशिवाय पाऊल टाकता येत नाही. पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. संगणकशास्त्राची पदवी घ्यावयाची तर बारावीचे गणित पाहिजे. आय.आय.टी.चे सांगावयास नकोच. ज्या मुलाचा ओढा ग्रहताऱ्यांकडे, यंत्रांकडे, संगणकाकडे आहे, त्याने अकरावीत गणित सोडणे म्हणजे मोट बांधण्याआधीच विहीर बुजविणे होय. आणि ज्याचा ओढा कोठे आहे हेच पंधराव्या-सोळाव्या वर्षी कळलेले नाही (आणि ते कितीजणांस कळते?), त्याने तर गणित व जीवशास्त्र दोन्ही घ्यावी. ओझे पडते खरे, पण दोन्ही दारे उघडी राहतात. "दोन्ही घेतले तर नीटचा अभ्यास होत नाही," असे क्लासवाला सांगेल. त्याने तसे सांगावे, त्याचा तो धंदा आहे. बापाने आपला धंदा पाहावा.

गणित सुटते का, याचाही विचार केला पाहिजे. बुद्धी कमी म्हणून सुटते, ही समजूत आमच्याच लोकांत सर्वांत घट्ट रुजली आहे. "आपल्या घराण्यात कोणाला आले आहे गणित?" असे बाप मुलासमोर बोलतो, आणि तेच बोलताना तोंडी हिशेब करून हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर किती उरले ते व्यापाऱ्याच्या यंत्राआधी सांगतो! आमच्या आजोबांस पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ होती. सुतार गुण्या लावतो आणि गवंडी पायाची आखणी करताना ३, ४ व ५ हातांची दोरी ताणून कोपरा काटकोनात आणतो. त्यास पायथागोरसचे नाव ठाऊक नसेल, पण भिंत तिरपी जात नाही. मुलीच्या बाबतीत तर कहरच. "मुलीला गणित झेपत नाही" असे म्हणणाऱ्या घरात बचतगटाची वही आणि डेअरीच्या दुधाचा फॅटवार हिशेब तीच मुलगी लिहिते.

एक जुनी गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. चाळीसगावाजवळ पाटण म्हणून गाव आहे. तेथे सन १२०७ चा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ काढला आणि त्यास राजाकडून देणग्या मिळाल्या, असे त्यात नोंदले आहे. लेखाच्या जुन्या मराठी भागात त्या देणग्यांची यादी आहे. बाजारातल्या मालावरील कर त्यात आहे, आणि गावात जितके घाणे चालतील तितक्यांमागे मापाने तेलही आहे! गणिताच्या त्या मठातला दिवा तेल्याच्या घाण्यावर जळत होता. तेल्याच्या मुलास त्या दिव्याखाली बसावयास मिळाले की नाही, ते लेखात लिहिलेले नाही.

खरे पाहता विज्ञानांत गणितासारखी स्वस्त विद्या दुसरी नाही. तिला ना काचेची नळी लागते ना सूक्ष्मदर्शक. देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर नावाचे मास्तर १९३० पासून १९६२ पर्यंत शिकवीत होते. बी.एस्सी.च्या पुढची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पण ६१७४ हा आकडा त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक एकच नसावेत. त्याचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या आकड्याचे पुन्हा तसेच करा. फार तर ७ वेळा करावे लागेल, शेवटी ६१७४ येतो आणि तेथेच थांबतो. आज रात्री जेवण झाल्यावर पोरांस पाटीवर करावयास लावा. जी विद्या पाटी-पेन्सिलीत मावते, ती आमच्या बाजारात सर्वांत महाग कशी झाली? ती महाग झाली, कारण गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणिताच्या तासास माणूस नसला की मुलास शहरातला क्लास धरावा लागतो, आणि क्लासची फी, खोलीभाडे व खाणावळ मिळून जो आकडा होतो, त्यापुढे बापाचे गणित संपते. शिवाय राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतून मिळतात, पण गणिताची पत्रिका तेवढी फक्त इंग्रजीत. मराठी शाळेतून वर आलेल्या मुलास हे दुसरे कुंपण. बेरीज मराठीत होते, इंग्रजीत होते, तमिळातही होते. आणि केंद्राची जेईई २०२१ पासून मराठीत देता येते. मग राज्याच्याच परीक्षेने गणित मराठीस पारखे का करावे, याचे उत्तर सीईटी कक्षाने द्यावे.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने असे ठरविले की अभियांत्रिकीस बारावीचे गणित आणि भौतिक सक्तीचे नसावे. १४ विषयांच्या यादीतले कोणतेही ३ चालतील, आणि उणीव राहील ती कॉलेजने पूरक पाठ देऊन भरून काढावी. देशात मोठा गलबला झाला. "गणिताविना इंजिनिअर म्हणजे पूल कोसळलाच," असे विद्वान म्हणू लागले. लगेच परिषदेनेही खुलासा केला की गणिताचे महत्त्व कमी केलेले नाही. या वादात आमचे मत दोन्ही बाजूंस न रुचणारे आहे. गणिताशिवाय अभियंता होत नाही, हे विद्वानांचे म्हणणे खरे. पण गणित बारावीतच आले पाहिजे, अठराव्या वर्षी आले तर चालणार नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? परिषदेचे धोरण उदार होते. त्यातला कच्चा दुवा म्हणजे पूरक पाठ. तो कोण शिकवणार, किती तास शिकवणार, त्याचा खर्च कोण देणार, हे पक्के न करता दार उघडले तर मुलगा पहिल्याच सत्रात नापास होतो, आणि मग तेच लोक म्हणतात, "पाहा, आम्ही सांगत नव्हतो?"

याच्या उलट जाणारी एक सूचना २०२४ च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रांत गाजली. राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात अशी तरतूद सुचविली गेली की दहावीस गणित व विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण पडले तरी मुलास उत्तीर्ण करावे, मात्र त्याच्या गुणपत्रकावर शेरा मारावा की यास पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही. सूचना करणारांचा हेतू चांगला असेल. एका विषयापायी मुलगा शाळेतून कायमचा बाहेर पडू नये, हे आम्हांसही मान्य आहे, आणि केवळ गणितात नापास झाल्यामुळे घरी बसलेल्या मुली आमच्या गावोगावी आहेत. त्यांस पास करा, खुशाल करा. पण शेरा कशाला? पंधराव्या वर्षी मारलेला शेरा पंचविसाव्या वर्षीही पुसत नाही. आणि तो कोणाच्या कागदावर उमटेल? ज्याच्या घरी शिकवणीस पैसा आहे, त्याच्या कागदावर खास नाही. जन्मावरून विद्येची बंदी घालण्याचे दिवस गेले. आता गुणपत्रकावरून ती घालू नका, एवढेच आमचे सांगणे.

कोणी विचारील, जीवशास्त्र शिकावयाचे तर गणिताची एवढी उठाठेव कशास? त्याचे उत्तर आमच्याच शेतात आहे. पीकविम्याचे पैसे मिळणार की नाही हे पीककापणी प्रयोगावर ठरत आले आहे. सगळी शेते कापून पाहता येत नाहीत. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी थोडी शेते निवडावयाची, त्यांतला ठराविक तुकडा कापून तोलावयाचा, आणि त्यावरून सगळ्या मंडळाचे उत्पन्न काढावयाचे. ही रीत आपल्या देशात शास्त्रशुद्ध पायावर आणणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे होते, आणि त्यांच्या जोडीस व्ही. जी. पानसे. दोघांचे शेतीसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले. त्याआधी इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतकी केंद्रावर फिशर नावाच्या विद्वानाने १९१९ पासून खतांच्या व बियाण्यांच्या प्रयोगांवर काम करताना संख्याशास्त्राचा मोठा भाग उभा केला. नाशिकच्या द्राक्षावर डाऊनी कधी येणार याचा अदमास हवेतल्या ओलाव्याच्या व उष्णतेच्या आकड्यांवरून बांधतात. आजचा जीवशास्त्रज्ञ रक्ताच्या थेंबातली लक्षावधी अक्षरे संगणकावर जुळवितो. तेव्हा आयसरात शिरलेल्या जीवशास्त्रवाल्यासही आरंभीच्या सत्रांत गणित करावे लागते, यात नवल नाही.

लोहाराच्या पोटी जन्मलेल्या मायकेल फॅरेडेचा दाखला अशा वेळी हटकून दिला जातो. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी केली, वरचे गणित कधी शिकला नाही, आणि १८३१ साली चुंबकापासून वीज काढून दाखविली. दाखला खरा आहे व कारागिरांच्या घरी सांगण्याजोगाही आहे. पण पुढचा अर्धा भाग गाळू नये. फॅरेडेने जे हाताने व डोळ्याने ओळखले, ते गणितात मांडावयास मॅक्सवेल लागला. आणि फॅरेडेस प्रवेशपरीक्षा द्यावी लागली नव्हती.

मग गणित सुटलेल्या मुलाने करावे काय? बारावी झालेल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेस 'तुरळक विषय' घेऊन पुन्हा बसता येते. म्हणजे बाकीचे विषय तसेच ठेवून एक गणित तेवढे द्यावयाचे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतही एकेक विषय घेऊन परीक्षा देण्याची सोय आहे. उलट दिशेनेही आता वाट झाली आहे. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेतलेल्यास वैद्यकीच्या नीटला बसण्याची मुभा २०२३ साली मिळाली. ज्या कॉलेजात अर्ज करावयाचा, त्यास असे मागाहून घेतलेले गणित चालते की नाही, हे मात्र त्याच्या माहितीपत्रकात आधी वाचून घ्यावे; तोंडी सांगण्यावर विसंबू नये. ज्याने आयसर वा नेस्ट गाठले त्याने प्रवेशाची यादी लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे दिवस फुकट घालवू नयेत. अकरावी-बारावीच्या गणिताची बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. फलन, सीमा, विकलन, संकलन, सारणी आणि संभाव्यता एवढी प्रकरणे हातून गेली तरी पहिल्या सत्रात मुलगा परका वाटणार नाही. रोज तीन तास, दोन महिने. द्राक्षाची छाटणी याहून अधिक चिकाटीने करावी लागते.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात खेड्यांच्या शाळांत हिशेब व शेतकीची मूलतत्त्वे शिकवावी असे म्हटलेच. पण आणखी एक मागणी होती, तिचा उल्लेख फारसा होत नाही. खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यास विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेस बसू दिले याचा आनंद मानून, वरच्या पदव्यांसही तशीच मोकळीक द्यावी असे त्यांनी मागितले. कॉलेजची पायरी ज्यास परवडत नाही त्याने घरी शिकावे व परीक्षेस बसावे, हा त्यातला भाव. त्या मागणीस उशिरा का होईना फळ आले, आणि त्यातले एक आमच्या नाशकातच आहे. १९८९ साली निघालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम चालवून हजारो संसारी माणसांस पदवीची वाट दाखविली. तशीच पूर्वतयारी या विद्यापीठाने गणिताची काढावी, अशी आमची त्यास उघड विनंती आहे. मराठीतून, चार महिन्यांची, दूरस्थ, नाममात्र फीची, आणि जीवशास्त्र घेऊन बारावी झालेल्यांकरिता. १९१४ पासून या जिल्ह्यात बहुजनांच्या मुलांस शिकविणाऱ्या मराठा विद्या प्रसारक संस्थेपाशी गावोगावी इमारती आहेत, रविवारी त्या रिकाम्या असतात. निवृत्त झालेले गणिताचे मास्तर तालुक्यातालुक्यांत आहेत. ज्यांस आठवड्यातून एक सकाळ देता येईल त्यांनी आपले नाव व गाव आमच्या कचेरीस कळवावे. आम्ही ते तालुकावार छापू, म्हणजे पालकांस थेट त्यांच्या दारी जाता येईल.